पत्र्याला आतून घाम का येतो? खानदेशच्या हिवाळ्यात परसातल्या कोंबड्या

डिसेंबर लागला की धुळे-शिरपूर पट्ट्यात सकाळी ओट्याओट्यावर एकच बोलणं ऐकू येतं, "भलती थंडी पडनी व माय!" पारा सात-आठ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो. वर सातपुड्यात, तोरणमाळ आणि डाबच्या बाजूला, गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणारी माणसं सगळीकडे एकच काम करतात. गोण्या, प्लॅस्टिकचा कागद, जुनी लुगडी, हाताला लागेल ते घेऊन खुराडं चारही बाजूंनी गच्च बंद करतात. जीव लावलेला असतो म्हणूनच करतात. पण पुढच्या पंधरा दिवसांत कोंबड्या शिंकायला लागतात, नाकातून पाणी येतं, अंडी थांबतात, आणि सगळा दोष थंडीच्या माथी जातो.

माझं म्हणणं असं की खानदेशातली थंडी धडधाकट, मोठ्या कोंबडीचं फारसं काही बिघडवत नाही. तिला आजारी पाडते ती खुराड्यातली ओल, रात्रभर अंगावर येणारा गार झोत आणि कोंडलेली हवा. यातली मेख अशी की झोत अडवायला गेलं की हवा कोंडते, आणि हवा मोकळी करायला गेलं की झोत आत शिरतो. म्हणून नुसतं "ऊब द्या" एवढं सांगून भागत नाही. आत नेमकं काय चालतं ते एकदा कळलं की बाकीचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

कोंबडी स्वतःला ऊब कशी देते

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं, म्हणजे माणसाला चढलेल्या जबर तापापेक्षाही जास्त. बाहेर आठ अंश असताना एवढं तापमान टिकवायचं तर दोन गोष्टी लागतात : पोटात पुरेसं अन्न आणि अंगावर कोरडी पिसं. वरची लांब पिसं आपल्याला दिसतात. त्यांच्याखाली कापसासारखी मऊ पिसं असतात आणि त्यांत हवा अडकून राहते. थंडी वाजली की कोंबडी फुगून बसते, म्हणजे हा हवेचा थर जाड करते. अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही. खरं पांघरूण म्हणजे हीच हवा.

पिसं भिजली की ती एकमेकांना चिकटतात आणि हवेचा थर जातो. पिसांत वारा शिरला तरी तेच होतं, कारण आत तापलेली हवा उडून जाते आणि कोंबडीला ती पुन्हा तापवावी लागते. रात्रभर हे चाललं तर संध्याकाळी खाल्लेले दाणे नुसते अंग तापवण्यात संपतात. अंड्यासाठी काही उरत नाही.

पायांवर पिसं नसतात, तरी ते गारठून जात नाहीत. पायाकडे जाणारी गरम रक्ताची नळी आणि पायाकडून वर येणारी गार रक्ताची नळी अगदी शेजारीशेजारी असतात. वर येणारं रक्त वाटेतच थोडं तापतं, त्यामुळे अंगातली ऊब पायांवाटे वाया जात नाही. शिवाय दांडीवर बसल्यावर कोंबडी पोटाची पिसं बोटांवर सोडते आणि चोच पंखात खुपसते.

थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये तुऱ्याला व्हॅसलीन लावताना दाखवतात. तिकडे पारा दिवसेंदिवस शून्याखाली असतो, त्यामुळे तुऱ्याचं मांस गोठून काळं पडतं. तापीकाठच्या सपाटीवर ही भीती नाही. तोरणमाळच्या पठारावर मोठ्या तुऱ्याचा कोंबडा असेल तर गोठवणाऱ्या रात्रींनंतर त्याच्या तुऱ्याकडे लक्ष ठेवावं, बाकीच्यांनी हा विषय सोडून द्यावा.

मात्र काहींना ही थंडी खरोखर सोसत नाही : लहान पिल्लं, आजारातून उठलेल्या किंवा फार म्हाताऱ्या कोंबड्या, मानेवर पिसं नसलेल्या जातीच्या, आणि पिसं झडायला लागलेल्या. दिवस लहान झाला की पुष्कळ कोंबड्या पिसं टाकतात. दिवाळीनंतर खुराड्यात पिसांचा सडा दिसला की लोक घाबरतात, पण हा रोग नाही. जुनी पिसं जाऊन नवी येण्याचा तो काळ असतो. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असल्याने त्या दिवसांत त्या कोंबडीला नुसत्या ज्वारी-मक्यावर ठेवू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भागाची खास आहे. रात्री आठ अंश असतात आणि त्याच दिवशी दुपारी दोनला अठ्ठावीस-तीस. वीसेक अंशांची ही उडी रोजची आहे. त्यामुळे एकदा बंदोबस्त करून महिनाभर तसाच ठेवला असं इथे चालत नाही. रात्रीसाठी लावलेला पडदा दुपारीही तसाच राहिला तर कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, आणि त्या श्वासातली वाफ आतच राहते.

ओल येते कुठून

हिशोब करून पाहा. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी पिते. दहा कोंबड्यांचे झाले दोन लिटर. त्यातलं थोडं अंड्यात जातं, उरलेलं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत जवळपास तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हणजे पावसाचा थेंब नसला तरी खुराड्यात रोज एवढं पाणी पडत असतं. खुराडं गच्च बंद असेल तर ही ओलसर, उबदार हवा वर जाते, गार पत्र्याला लागते आणि तिचं पाणी होतं. पहाटे तेच पाणी थेंबाथेंबाने कोंबड्यांच्या पाठीवर टपकतं. बाहेर कोरडी थंडी, आत पाऊस!

तपासणं सोपं आहे. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी आत हात घालून पत्र्याच्या आतल्या अंगावरून तळवा फिरवा. तळवा ओला झाला तर खुराडं जास्त बंद आहे. दुसरं कुठलंही माप नसलं तरी चालेल, हे एक रोज बघा.

हीच ओल खाली बसते आणि विष्ठा कुजते. कुजताना त्यातून अमोनिया निघतो, तोच नाकाला झोंबणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा वायू. कोंबडीच्या श्वासनलिकेत अगदी बारीक केसांसारखा एक थर असतो. तो धूळ आणि जंतू सतत बाहेर लोटत असतो. अमोनियाने तो थर निकामी होतो आणि एरवी बाहेर फेकले गेले असते ते जंतू आत मुक्काम करतात. हिवाळ्यातल्या "सर्दी"ची सुरुवात बहुतेक वेळा इथून होते. वास बघायचा तर सकाळी बाहेरच्या मोकळ्या हवेतून येऊन लगेच खाली वाका आणि कोंबडीच्या उंचीवर श्वास घ्या. आपलं नाक त्या वासाला फार लवकर सरावतं. आत पाच मिनिटं काम केल्यावर काहीच जाणवत नाही, आणि कोंबडी तर त्याच उंचीवर रात्रभर बसलेली असते.

झोत अडवायचा, हवा सोडायची

रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागेला थंडीचा चरका बसू नये म्हणून शेतकरी कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात, हिरवी नेट बांधतात. वाऱ्याचा जोर मोडावा एवढाच त्यामागचा हेतू असतो. बागेवर झाकण कोणी घालत नाही. खुराड्यालाही हेच करायचं.

हिवाळ्यात आपल्याकडे बोचरा वारा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. त्या बाजू खालपासून, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वरपर्यंत बंद करा. त्याच्या वर, पत्र्याच्या अगदी लगत, चार बोटांची फट सोडा, आणि ती शक्यतो दक्षिणेच्या बाजूला असू द्या. फटीला बारीक जाळी मारा, नाहीतर मांजर किंवा मुंगूस तिथूनच आत येईल. उबदार, ओली हवा आपोआप वर जाऊन या फटीतून निघून जाते आणि कोंबड्यांच्या अंगाला झोत लागत नाही. पत्र्याखाली फट ठेवली तर कोंबड्या गारठतील असं वाटतं, पण कोरडी राहिलेली कोंबडी स्वतःची ऊब स्वतः धरून ठेवते.

फट बरोबर जागी आहे का हे उदबत्तीने कळतं. संध्याकाळी दांडीच्या उंचीवर उदबत्ती धरा. धूर सावकाश सरळ वर गेला तर ठीक. तो झटकन आडवा झाला तर तिथे झोत आहे, म्हणजे त्या रेषेत कुठेतरी भोक आहे. मग उदबत्ती पत्र्याजवळ न्या. तिथे धूर हळूहळू बाहेर सरकला पाहिजे. तिथेच घुटमळत राहिला तर फट पुरत नाही. आत कडबा-भुसा असतो, तेव्हा हे काम झाल्याबरोबर उदबत्ती बाहेर आणून विझवा.

पडद्याला प्लॅस्टिकपेक्षा गोणपाट चांगलं, कारण त्यातून थोडी हवा जाते. ताडपत्री वापरायचीच असेल तर फक्त उत्तरेला, बाहेरच्या अंगाने. सगळ्यात महत्त्वाचं काम रोजचं आहे : दिवस मावळताना पडदा सोडायचा आणि सकाळी ऊन आलं की गुंडाळून वर बांधायचा. घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या. सगळ्यांचं असलेलं काम कोणाचंच नसतं. पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट अंथरून वर दोरी ताणली तर पत्रा कमी गार पडतो आणि घामही कमी धरतो. तेच आच्छादन एप्रिलमध्ये उन्हालाही कामी येतं.

जुन्या घरांत ओट्याखाली किंवा भिंतीलगत दगडमातीचं खुराडं असतं. ते उबदार असतं हे खरं, पण ऊन पोहोचत नाही, हवा खेळत नाही आणि भिंतीच्या भेगांत गोचीड दिवसभर लपून रात्री कोंबड्यांचं रक्त पिते. असं खुराडं असेल तर निदान वरच्या अंगाला एक जाळीचं भोक पाडा आणि भेगा चुन्याने लिंपून घ्या. दोन-तीनच कोंबड्या असतील तर रात्री डाल्याखाली झाकायची जुनी पद्धत वाईट नाही. डाल्यातून हवा जाते. फक्त खाली फरशी नको, कोरडी गोणी असावी.

बसायची दांडी दोन-तीन इंच रुंद आणि वरून चपटी हवी, म्हणजे बसल्यावर बोटं पूर्ण पोटाखाली झाकली जातात. लोखंडी पाइप गोल असतो आणि गारही पडतो, तो नको. दर कोंबडीमागे आठेक इंच जागा धरा. हिवाळ्यात त्या त्याहून जवळ सरकून बसतील, तो त्यांचा प्रश्न. पाच कोंबड्यांसाठी मोठी खोली दिली तर ती कधीच उबदार होत नाही. खाली दर कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट जागा रात्रीपुरती पुरते, दिवसा त्या परसात हिंडणारच आहेत.

खालची गादी

जमिनीवर चार ते सहा इंच जाडीची कोरडी गादी हिवाळ्यात फार उपयोगी पडते. भाताचा तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, यातलं जे जवळ मिळेल ते चालतं. भुईमुगाची टरफलं धुळे जिल्ह्यात सहज मिळतात, पण ती खळ्यावर भिजलेली नाहीत ना हे आधी बघा. बुरशी लागलेल्या टरफलांतून पिल्लांच्या फुप्फुसांत बुरशी जाते आणि त्या आजारावर हमखास औषध नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या अंथरू नयेत. त्या पायांना टोचतात आणि ओल शोषत नाहीत.

गादीतली ओल बघायला मूठभर भुसा उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा झाला आणि बोटाने हलवताच मोडला तर ओल बरोबर आहे. गोळा तसाच राहिला किंवा तळहात ओला झाला तर ती गादी उलथून वाळवली पाहिजे. अजिबात गोळा न होता धूळ उडाली तर ती जास्तच कोरडी आहे, आणि धुळीनेही शिंका येतात. दर दोन-तीन दिवसांनी खुरप्याने गादी खालीवर करा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भुसा रोज काढा. खुराड्यातली निम्मी ओल त्या एका भांड्यापाशी असते, म्हणून रात्री पाणी आत ठेवूच नका. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही.

चारा-पाणी

थंडीत कोंबडी जास्त खाते, आणि तिला खाऊ द्यावं. देशी कोंबडी परसात हिंडून बरंच काही टिपते, पण हिवाळ्यात किडे कमी होतात, हिरवळ सुकत जाते. दुपारपर्यंत तिला अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य द्या, ज्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं असतात. संध्याकाळी खुराड्यात जायच्या तासभर आधी दाणे द्या : भरडलेला मका, बाजरी, दादर ज्वारी. दाणा पचायला वेळ लागतो, आणि पचताना अंगात उष्णता तयार होते. गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली असली की रात्र सरते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत नेहमी असू द्या. अंड्याच्या एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, ते धान्यातून भरून निघत नाही.

मक्याबद्दल मात्र कळकळीने सांगायचं आहे. खरिपाचा मका दिवाळीच्या आसपास निघतो आणि पुरता न वाळताच पोत्यात भरला जातो. आतून तो तापतो, त्याला बुरशी लागते, आणि त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं. कोंबडी एकदम मरत नाही. ती वाळत जाते, अंडी कमी होतात, लस दिली तरी नीट लागू पडत नाही. बाजारात भाव न आलेला काळा पडलेला मका "कोंबड्यांना चालेल" म्हणून बाजूला काढायची पद्धत सोडून दिली पाहिजे. दाणा दाताखाली कडकन फुटला, वासाला कोरा असला तरच द्या. शेंगदाण्याच्या पेंडीलाही हीच बुरशी लागते.

सरकी पेंड कोंबड्यांना घालू नका. कापसाचा मुलूख असल्याने ती घरात असतेच आणि म्हैस आवडीने खाते, पण सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्याने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी होतो आणि जास्त प्रमाणात गेलं तर कोंबडीलाही बाधतं. रवंथ करणाऱ्या जनावरांची पचनाची रीत वेगळी असते, म्हणून त्यांना ते बरंच सोसतं.

पाण्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. अंड्याचा आतला तीन चतुर्थांश भाग पाणी आहे. सकाळी सात वाजता बर्फासारखं पाणी समोर असेल तर कोंबडी दोन घोट पिऊन बाजूला होते आणि ऊन चढेपर्यंत परत येत नाही. चुलीवर आंघोळीचं पाणी तापतं त्यातलंच थोडं मिसळून कोमट पाणी पहिल्यांदा द्या. त्यासाठी वेगळा खर्च नाही, आणि फरक आठवड्यात दिसतो.

ऊन चढल्यावर त्यांना चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती मिसळलेला खड्डा द्या. त्यात लोळून त्या पिसांतल्या उवा-लिखा झाडतात, आणि स्वच्छ पिसं जास्त ऊब धरतात.

अंडी का थांबतात

अंडी थांबतात ती मुख्यतः उजेड कमी झाल्यामुळे. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो, म्हणजे दिवस जेमतेम अकरा तासांचा. कोंबडीच्या मेंदूत उजेड ओळखणारी केंद्रं असतात आणि कवटीच्या पातळ हाडातून उजेड थेट त्यांच्यापर्यंत पोहोचतो. दिवस लांब असेल तर ती केंद्रं बीजांडकोशाला कामाला लावतात, लहान असेल तर विश्रांती देतात. पूर्ण अंड्यावर राहण्यासाठी सुमारे चौदा तास उजेड लागतो.

म्हणून सुधारित जातीच्या कोंबड्या, ग्रामप्रियासारख्या, अंड्यांच्या विक्रीसाठी पाळल्या असतील तर पहाटे चारला एक साधा दिवा लावून सातला बंद करावा. उजेड पहाटेच वाढवावा. संध्याकाळी वाढवला आणि दिवा एकदम गेला, तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात, दांडी सापडत नाही. एकदम तीन तास वाढवू नका, दर आठवड्याला अर्धा तास पुष्कळ झाला. रोजची वेळही एकच ठेवा. भारनियमनात पहाटेची वीज जात असेल तर हा उद्योग करूच नका. उजेडाच्या वेळा सारख्या मागेपुढे झाल्या तर अंडी बंद होऊन पिसंच झडतात.

घरच्या देशी कोंबड्यांना मात्र मी दिवा लावायला सांगणार नाही. त्या वर्षाला मुळातच कमी अंडी देतात आणि हिवाळ्याचा दीड-दोन महिना त्यांचं शरीर पिसं भरून घेतं. संक्रांतीनंतर दिवस वाढायला लागला की त्या आपोआप अंड्यावर येतात.

रात्रीची खरखर आणि नवापूरचा धडा

आठवड्यातून दोन-तीनदा रात्री नऊनंतर, दिवा न लावता, खुराड्याजवळ दोन मिनिटं गप्प उभे राहा. निरोगी कोंबड्यांचा आवाज जवळजवळ येत नाही. खरखर, शिंका, घशातून शिट्टीसारखा आवाज आला तर श्वासाचा आजार सुरू झालाय असं समजा. दिवसाच्या गडबडीत हा आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी ती कोंबडी वेगळी काढा, ओल आणि वास तपासा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकू नका. जुनाट श्वासाचा जो आजार हिवाळ्यात उसळतो, तो औषधाने दबतो आणि खुराड्यातला अमोनिया तसाच राहिला की परत येतो. हळद, लसूण द्यायला हरकत नाही, पण तो इलाज नव्हे.

राणीखेत रोग हा वेगळा विषय आहे. हिरवी पातळ हगवण, पाय-पंख लुळे पडणं, मान पिळवटणं, आणि दोन-चार दिवसांत सगळं खुराडं रिकामं. त्यावर उपचार नाही, फक्त लस आहे. पिल्लं पाच ते सात दिवसांची असताना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीची सुई. लसीची एक बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते आणि उघडल्यावर एक-दोन तासांतच संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी एकट्याने आणणं परवडत नाही म्हणून लस टळते. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून, बर्फाच्या डब्यातून एक बाटली आणली तर सगळ्यांच्या कोंबड्या वाचतात. आजारी दिसणाऱ्या कोंबडीला त्या दिवशी लस देऊ नये.

खानदेशाला बर्ड फ्लू कोणी नव्याने सांगायला नको. २००६ च्या फेब्रुवारीत देशातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तो तिथेच पुन्हा आला. ठरलेल्या परिघातल्या कोंबड्या मारल्या गेल्या, त्यात मोठ्या शेडांबरोबर परसातल्याही होत्या. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी हतनूरसारख्या धरणांवर उतरतात, आणि जंगली पाणपक्ष्यांकडून हा विषाणू येऊ शकतो. धरणाकाठच्या गावांत कोंबड्यांना पाणवठ्यावर मोकळं सोडू नये, आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या कापू नका, नाल्यात फेकू नका, उरलेल्या घाईघाईने बाजारात विकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. सरकारी आदेशाने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते. लपवलेल्या आजाराची मिळत नाही, आणि तो शेजाऱ्याच्या दारात जातो.

पिल्लांचं गणित वेगळं

वर जे मोठ्या कोंबडीबद्दल सांगितलं ते पिल्लाला लागू नाही. त्याच्या अंगावर नुसती लव असते आणि पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या उंचीवर ३५ अंश हवेत, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. विकत आणलेल्या पिल्लांना बल्ब लागतो. दर पिल्लामागे दोन वॅट धरतात, म्हणजे तीस पिल्लांना साठ वॅट. बल्ब जुना पिवळाच हवा. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, आणि दरवर्षी कोणाची तरी पिल्लं यातच जातात. एका साठच्या ऐवजी तीसच्या आसपासचे दोन लावले तर एक उडाला तरी रात्र निभते. बल्ब साखळीने टांगा, शिवाय वेगळ्या दोरीने बांधा. खाली भुसा असतो, पडला तर आग लागते.

भोवती पुठ्ठ्याचं गोल कुंपण करा. चौकोनी जागेत पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. थर्मामीटर नसला तरी पिल्लं स्वतः सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. कुंपणाला चिकटून चोच उघडी ठेवली असेल तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय. सगळीकडे विखरून खात-पेंगत असतील तर काही हलवू नका. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच ठेवू नका. तिच्या वायूला वास नसतो, पिल्लांबरोबर त्या खोलीत झोपलेल्या माणसाचाही जीव जाऊ शकतो.

या सगळ्यापेक्षा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी बरी. तिच्याखाली झोत नाही, भारनियमन नाही, आगीची भीती नाही. फक्त थंडीत तिच्याखाली कमी अंडी ठेवा. एरवी बारा बसवत असाल तर आता आठ-नऊ, कारण कडेची अंडी पिसांबाहेर राहून गारठतात. आणि ऐन डिसेंबरात तिला बसवूच नका, एखाद्या रिकाम्या डाल्याखाली दोन-चार दिवस ठेवून तिचं खुडूकपण मोडा. संक्रांत झाली की बसवा. एकवीस दिवसांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पिल्लं निघतील. तोवर थंडीचा जोर ओसरलेला असतो, आणि एप्रिलचं चाळिशीपार ऊन सुरू होईपर्यंत पिल्लांच्या अंगावर पुरती पिसं आलेली असतात.